तुडुमावरची बुडी

आमच्या गावचा तलाव उघडायचा कुणब्यानं आणि बुजवायचा ढिवरानं, असा रिवाज होता. तो कुणी घातला ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण घालणाऱ्याला दोन्हीकडची माणसं चांगलीच ओळखीची असावीत. दोन्ही कामं आम्हा शेतकऱ्यांच्या हाती असती तर आम्ही आपापल्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, भरून घेऊन तलावाचा चिखल करून ठेवला असता. दोन्ही ढिवरांच्या हाती असती तर मासे मजेत राहिले असते आणि धान उभ्या उभ्या वाळलं असतं. म्हणून पाणी सोडायचं आम्ही आणि पुरे झालं की बंद करायचं त्यांनी. मधल्या काळात भांडायचं दोघांनी.

उघडायचा म्हणजे काही चाक फिरवायचं नव्हतं. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, आतल्या अंगाला, पाण्याखाली, दगडी बांधणीचं तुडुम होतं. तुडुम म्हणजे तलावाचं पाणी बाहेरच्या पाटात सोडायचं तोंड. त्या तोंडात सागाचा भला मोठा दट्ट्या ठोकलेला असायचा आणि दट्ट्याला एक लोखंडी कडी. दोराचं टोक घेऊन बुडी मारायची, चाचपडत कडी शोधायची, दोर बांधायचा आणि वर यायचं. मग पाळीवरचे लोक दोर ओढायचे, दट्ट्या निघायचा आणि पलीकडे पाटातून पाणी बांध्यांकडे धावायचं. या बुडीचा मान आमच्या घरचा. माझ्या आठवणीत ती नेहमी बानंच मारलेली. आम्ही वडिलांना बा म्हणायचो.

बुजवण्याचा मान होता तो बाच्याच वयाच्या एका ढिवराकडे. मी त्याला काका म्हणायचो. बा आणि काका यांची दोस्ती अशी, की एकमेकांशिवाय करमत नसे आणि एकमेकांशी पटत नसे. सानगडीच्या बाजाराला दोघं बरोबर जायचे आणि वाटभर एकाच गोष्टीवर वाद घालायचे, की उघडणं कठीण की बुजवणं.

"उघडाले काय लागते पाटील?" काका म्हणायचा. "दोर तं लोक वढतेत. बुजवाले अक्कल लागते."

"बुजवाले काय लागते?" बा म्हणायचा. "पानीच वढून नेते दट्ट्याले. तू नुसता त्याच्या मागं मागं जातो."

हा वाद कधी मिटला नाही, आणि तो मिटावा असं दोघांपैकी कुणालाही वाटत नव्हतं.

एका वर्षी बाचे कान फुटले. दोन्ही. पाण्याखाली जाऊन जाऊन कधीतरी हे व्हायचंच होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरनं बॅटरी लावून कानात पाहिलं आणि ओरडून सांगितलं की आता डोकं पाण्यात घालायचं नाही. बाला त्यातलं काही ऐकू गेलं नाही. बाहेर आल्यावर मी खुणा करून सांगितलं : डोकं, पाणी, आणि हात जोडून नाही. बानं मला आपादमस्तक न्याहाळलं.

"मंग आता तू," तो म्हणाला.

माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कारण मला डोकं पाण्याखाली घालायची भीती वाटायची. तलावाच्या गावात जन्मलेल्या माणसानं हे बोलून दाखवायची सोय नसते. मला पोहता यायचं, पण म्हशीसारखं, हनुवटी वर धरून. लोकांना वाटायचं, पाटलाचा पोरगा आहे, ऐटीत पोहतो. आंघोळ मी लोट्यानं करायचो. पाणी कानांवर चढलं की माझे हातपाय मला न विचारता वर यायचा रस्ता धरत. डोळे मिटले तर काळं दिसे आणि उघडले तर हिरवं दिसे. त्यातलं हिरवं जास्त वाईट. त्या हिरव्यात काय नाही याची मला कधीच खात्री पटली नाही. त्यात आता बाचे कान डोळ्यांसमोर.

हे फक्त माझ्या बायकोला माहीत होतं. ती आसगावकडची. लहानपणी पवनीला आत्याकडे राहून वैनगंगेत पाणकोंबडीसारखी बुड्या मारून आलेली. लग्नानंतर पहिल्यांदा तलावावर आलो तेव्हाच तिनं मला ओळखलं होतं.

"तुमाले पान्याचं भेव लागते काजी?"

"कोन म्हनते?"

"कोनी नाही म्हनत. मले दिसते."



त्या वर्षी पोळा झाला आणि पाऊस जो गेला तो गेलाच. धान पोटरीवर आलेलं. याच वेळी बांधीत पाणी हवं, नाहीतर लोंबीत दाणा भरत नाही आणि हाती येतो तो नुसता कोंडा. पाळीवर बैठक बसली. आमच्या गावात धानगिरणीचा एक मालक होता. माणूस वाईट नव्हता, पण बरोबर असायचा, आणि ते लोकांना फार बोचायचं.

"दुनिया कुठं चालली," तो म्हणाला, "आन आपन अजून बुड्याच मारून राहिलो. लोखंडाचा गेट लावा. चाक फिरवलं का पानी. मी म्हनतो, यंदा पाटलाच्या पोरानं येळेवर उघडलं तं ठीक. नाही तं अर्ज देऊन टाकू साकोलीले तहसीलीत."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. बाला सगळ्यांची तोंडं हलताना दिसत होती. त्यानं मला कोपरानं ढोसून विचारलं, काय म्हणतो? त्याच्या उजव्या कानाला तोंड लावून जिवाच्या आकांतानं ओरडलं तरच त्याला थोडंफार ऐकू येई, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नव्हतं. मी माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग खाली, तलावाकडे. बाची छाती फुगली. त्यानं गिरणीमालकाकडे असं पाहिलं, की त्या बिचाऱ्याला आपण नक्की काय बोललो याचीच शंका आली असेल.

गेट आला असता तर धान काही मेलं नसतं, हे मलाही कळत होतं. पण कान गेल्यापासून बाकडे उरलं होतं ते एवढंच. शेतीचा सगळा व्यवहार माझ्याकडे आला होता, बैठकीत त्याला ऐकू येत नव्हतं, काकाशी वादसुद्धा आता एकतर्फी चालायचा. तुडुम आमच्या घरचं आहे, या एका गोष्टीवर तो ताठ उभा होता. ती माझ्यामुळे जाणार होती.

तालीम घरीच सुरू झाली. बायकोनं न्हाणीत तांब्याचं गंगाळ भरून ठेवलं आणि मला त्यात तोंड घालायला सांगितलं. मी घालायचो आणि लगेच काढायचो. शेवटी ती म्हणाली, मी धरून ठेवते. तिनं माझी मानगूट धरली, दाबली, आणि नेमकी त्याच वेळी माझी माय न्हाणीच्या दारात आली. तिला दिसलं ते एवढंच, की सून लेकाचं डोकं पाण्यात दाबून धरते आहे आणि लेक हातपाय झाडतो आहे.

"अवं माय वो! मारून राहिली माह्या लेकाले! धावा वो!"

अर्धी आळी धावत आली. बायको ओल्या हातांनी उभी, मी ओल्या डोक्यानं उभा. खरं सांगावं तर माझी अब्रू जाणार, न सांगावं तर तिची. तिनंच तोंड उघडलं.

"यायच्या नाकात भुंगा गेला होता जी," ती म्हणाली. "काढून राहिली होती."

मग आळीतल्या प्रत्येक म्हातारीनं माझ्या नाकात डोकावून भुंगा शोधला. मायनं ओव्याची धुरी दिली. ठसक्यानं माझे डोळे लाल झाले, आणि भुंगा निघाला असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

घरची तालीम अशी अंगाशी आल्यावर मी शास्त्राकडे वळलो. माणसाला खाली भीती वाटते ती हवा नसल्यामुळे, तर हवाच सोबत न्यावी, असा माझा विचार. माझ्याकडे सायकल होती. मी मागच्या चाकाची ट्यूब काढली, व्हॉल्व्हच्या जागी रबरी नळी बसवली, पंपानं टम्म फुगवून नळीचं तोंड सुतळीनं आवळलं आणि ती ट्यूब दोन वेढे घालून गळ्यात अडकवली. दुपारी, पाळीवर चिटपाखरू नसताना, उथळ बाजूला उतरलो. योजना अशी, की खाली गेल्यावर सुतळी सैल करायची, घोटभर हवा घ्यायची, पुन्हा आवळायची.

पहिली अडचण ही, की ट्यूब खाली जायला तयारच नव्हती. मी डोकं खाली घालायचो आणि ती मला मानेला धरून वर काढायची. मग मी दोन्ही हातांनी तळाचं शेवाळ धरून स्वतःला खाली ओढलं, तर डोकं ट्यूबसकट वरच राहिलं आणि पाय तिसरीकडेच गेले. त्या धांदलीत सुतळी सुटली. ट्यूबमधली सगळी हवा, रबराच्या वासासकट आणि आतल्या पांढऱ्या भुकटीसकट, एका दमात माझ्या तोंडात शिरली. मी पाण्यातून जो उसळलो तो थेट काठावर. तोंडातून पांढरा धूर निघत होता. काठावर काका बसला होता. त्याच्या हातात जाळं होतं आणि डोळ्यांत हसून हसून पाणी.

"काय करून राहिला बाबू?"

"हवा..." मी खोकत म्हणालो.

"हवा तं ठीक आहे. पन हे तुले वर वढून राहिली, आन तुले तं जाचं आहे खाली."

त्याला सगळं सांगावं लागलं. मला वाटलं तो गावभर बोंब मारेल. पण तो गंभीर झाला. आमचं उघडणं गेलं तर त्याचं बुजवणंही जाणार होतं. लोखंडी चाकाला ढिवर कशाला हवा?

"उद्यापासून ये," तो म्हणाला. "मी पान्यातच जन्मलो हाओ."

पाण्यात जन्मलेल्या माणसाला पाण्याबाहेरच्याला शिकवता येतं असं नाही. काकाचे उपाय एकाहून एक होते. पहिल्या दिवशी त्यानं मला घरचा पाटा मांडीवर घेऊन पाण्यात बसायला लावलं. दगड खाली जातो, दगडाला भेव नाही, तू दगडासोबत जा. मी दगडासोबत गेलो, पण वर येताना दगड सोडायचा हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि मला सुचलं नाही. मला त्यानं केस धरून काढलं. पाटा अजून तलावातच आहे, आणि पुढं कित्येक दिवस मसाला वाटायची वेळ झाली की माय त्याची आठवण काढायची. दुसऱ्या दिवशी त्यानं पाण्याखाली मनात गाणं म्हणायला सांगितलं. मी चुकून तोंडानं म्हटलं. मग तो म्हणाला, खाली गेलं की आपल्या दुश्मनाला आठवायचं, रागात भेव राहत नाही. तो स्वतः आपल्या साळ्याला, म्हणजे बायकोच्या भावाला, आठवायचा म्हणे. मी गिरणीमालकाला आठवून पाहिलं. पण पाण्याखाली तो मला जास्तच बरोबर वाटायला लागला.

शेवटी त्यानं उपाय सोडून दिले आणि मला नुसतं तुडुमाच्या दगडी पायरीवर बसवायला सुरुवात केली. म्हशी गेल्या की संध्याकाळी आम्ही उतरायचो. एक दिवस हनुवटीपर्यंत, मग नाकापर्यंत, मग डोळ्यांवर. त्याचा हात माझ्या टाळूवर आणि तोंडाची टकळी चालू. मरळ काय भावानं गेली, जावई कसा कामचोर निघाला. पाण्याखालून मला त्याची नुसती गुणगुण ऐकू यायची. या कंटाळ्यानं थोडं काम केलं. तुडुमाचे दगड धरत धरत मी हातभर खोल, मग त्याहून खाली जाऊ लागलो. कडीपर्यंत मात्र एकदाही पोचलो नाही.

"जमलं," काकानं जाहीर केलं. "आता लोकायसमोर आपोआप होते."

उघडायच्या दिवशी सगळं गाव पाळीवर. पाळीवरच्या मातेपुढं नारळ फोडला. बा नवं धोतर नेसून आला होता. त्यानंच माझ्या हातात दोराचं टोक दिलं आणि पाठीवर एक थाप मारली. ती थाप लागून मी निम्मा पाण्यात गेलो, बाकीचा निम्मा लाजेखातर.

दगड धरत धरत खाली उतरलो. कानात दडे बसले. हिरवं आलं, म्हणून डोळे मिटले. छाती अशी वाजत होती की ती पाळीवर ऐकू जात असेल. एका हातानं चाचपडत होतो. दगड, दगड, शेवाळ, आणि मग एक जाडजूड, गोल, लाकडी असं काहीतरी हाताला लागलं. कडी नव्हती, पण कडी शोधत बसायची माझी तयारी नव्हती. लाकूड आहे ना, बस. दोराचे वेढे मारले, कशीबशी गाठ घातली आणि बाणासारखा वर आलो.

"बांधला!" मी ओरडलो.

पाळीवरच्यांनी "हय्या" करून दोर ओढला. हलेना. आणखी लोक लागले. मग पाण्यात खदखद झाली आणि तलावातून एक झाड वर आलं. अख्खं झाड नव्हे, बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्यांचा बैलगाडीएवढा भारा. माशांनी सावलीला बसावं, वाढावं, म्हणून ढिवरांनी तुडुमाच्या बाजूला तो बुडवून ठेवला होता. सगळ्या मोसमाची त्यांची मेहनत ती. भारा काट्यांसकट, शेवाळासकट पाळीवर येऊन आदळला आणि त्यातून तडफडत मरळी बाहेर पडल्या. क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग सगळं गाव मरळींवर तुटून पडलं.

हसण्याचा जो गलका उठला तो मी कधी विसरणार नाही. ढिवरांच्या बायका शिव्या देत होत्या. काका डोक्याला हात लावून भाऱ्यापाशी बसला होता. गिरणीमालक दोन्ही हातांत एक मरळ धरून सगळ्यांना सांगत होता, "म्हनूनच म्हनलं होतं गेट लावा!" मी गळ्यापर्यंत पाण्यात उभा होतो आणि तिथंच बुडून गेलो तर बरं, असं मला वाटत होतं. पण बुडून जाणं हीच तर माझी अडचण.

आणि तेवढ्यात मला बा दिसला. तो थोडा दूर, पाळीच्या माथ्यावर उभा होता. माणसांच्या गर्दीत त्याला भारा दिसला नव्हता आणि हसणं ऐकू आलं नव्हतं. त्याला दिसलं होतं ते एवढंच, की लेक खाली गेला, वर आला, दोर ओढला गेला आणि लोक आनंदानं नाचायला लागले. त्यानं मातेकडे वळून हात जोडले. उपरण्यानं डोळे पुसले. मग धोतराचा सोगा हातात धरून तो पाळीच्या पलीकडल्या अंगाला उतरायला लागला. पाटात पाणी बघायला.

पाट कोरडा होता.

त्याचा पटका पाळीआड जाईपर्यंत मी पाहत होतो. बायको काठावर होती. तिनं भाऱ्यावरची गाठ सोडली आणि दोर माझ्याकडे फेकला. मी नारळ नाही, नमस्कार नाही, धड श्वाससुद्धा न घेता खाली गेलो.

या वेळी डोळे उघडेच होते. मिटायचं राहूनच गेलं. हिरवं होतं ते हिरवंच होतं, पण मला तिकडं बघायला वेळ नव्हता. म्हातारा पाळ उतरत असेल, आता झुडपांपाशी असेल, आता पाटाच्या काठावर असेल, एवढंच डोक्यात. भारा निघालेल्या जागी चिखल ढवळला होता. त्याच्या शेजारीच, हातभर खाली, दट्ट्या होता, आणि त्याला कडी होती, लोखंडाची, थंडगार. मी तिच्यात दोर ओवला, गाठ मारली, ओढून पाहिली, आणि पुन्हा एकदा ओढून पाहिली. वर आलो तेव्हा मला आठवलं की मला भीती वाटते.

"वढा!" बायको पाळीवरच्यांवर ओरडली. "मासोळ्या ठेवा आन वढा!"

तिचा आवाज ऐकून गिरणीमालकानंसुद्धा मरळ खाली ठेवली आणि दोराला हात लावला.

मी तसाच निथळत पाळीवर चढलो आणि पलीकडे पाहिलं. बा पाटाच्या मधोमध उभा होता, कोरड्या मातीत, तुडुमाच्या तोंडाकडे टक लावून. मागून दट्ट्या निघाल्याचा "भक्" असा आवाज आला. पाटाच्या तोंडातून आधी काळा गाळ आला, मग पाणी, आणि पाहता पाहता ते त्याच्या गुडघ्यांशी आलं. नवं धोतर भिजलं. तो हलला नाही. मी धावत खाली गेलो.

"एवढा येळ काहून लागला बे पान्याले?" बा मला म्हणाला. "दोर तं कवाचा निघाला."

माझ्यामागून काका येत होता. त्याच्या तळहाताला काटे टोचून रक्त येत होतं आणि चेहरा असा, की आता याला जे बोलायचं ते बोलू द्यावं. त्याच्या मागं निम्मं गाव होतं. बानं त्याला पाहिलं आणि तिथूनच, पाण्यातूनच विचारलं, "काय बे, कसा उघडला पोरानं?"

ढिवरांचा मोसमभराचा आसरा मी उपसून काढला होता. सांगायचा हक्क होता तर तो त्यालाच. काका पाटात उतरला, बाच्या उजव्या कानाला तोंड लावलं आणि पलीकडच्या शिवारात ऐकू जाईल एवढ्यानं ओरडला :

"एकाच बुडीत, पाटील!"

बा असा हसला, की कान गेल्यापासून मी त्याला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आणि हसता हसताच त्याला जुना वाद आठवला.

"पाह्य," तो म्हणाला. "आन तुले बुजवाले दोन लागतेत!"

काकाला दोन बुड्या कधीच लागल्या नव्हत्या. हे गावाला ठाऊक होतं, बालाही ठाऊक होतं. काकानं तळहातातला एक काटा उपटला, फेकला, आणि पुन्हा बाच्या कानाशी वाकला.

"लागतेत, पाटील," तो ओरडला. "दोन लागतेत."

मग तो माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "उद्या कुऱ्हाड घेऊन ये. फांद्या तोडाच्या आहेत. आन त्या तूच बुडवशील, खालपर्यंत जाऊन."

मी मान डोलावली आणि "हव" म्हणालो.